घाटवाटेवरचे पांढरे बाण

मी संशयी बाई आहे. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं की मला राग येतो. भाजीवालीने न मागता जुडी स्वस्त दिली की मी ती सोडून आतली पानं बघते. एसटीत कुणी उठून खिडकीची जागा दिली की आधी बाकावर हात फिरवून बघते, ओलं तर नाही ना. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते म्हणायचे, तू पोलिसात असतीस तर देवरूखच्या ठाण्याला कुलूप लागलं असतं. मी म्हणायचे, घरात तुमच्यासारखी भोळी माणसं असली की एकाला तरी डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. यावर ते वर्तमानपत्र वर करायचे आणि विषय संपायचा.

आमचं गाव देवरूखपासून एसटीने तासाभरावर, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. घराच्या मागे आमचा काजूंचा तुकडा आहे. त्याच्या वरच्या अंगाला दगडांचा गडगा, आणि गडग्यापलीकडून घाटवाट चढायला लागते. पूर्वी या वाटेने डोक्यावरून मीठ नि सुकी मासळी वर जायची आणि गूळ-मिरची खाली यायची, असं सासरे सांगायचे. मी लग्न होऊन आले तोवर ती नुसती गुरांची आणि लाकूडफाट्याची वाट उरली होती. तिच्यावरून हौसेने कुणी चालेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

माझं लग्न झालं तेव्हा धाकटे दीर आठ वर्षांचे होते. सासूबाई दम्याने बेजार. त्यामुळे भाऊजींची अंघोळ, डबा, अभ्यास, गुडघ्यावरच्या खपल्या, सगळं माझ्याकडे आलं. मला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे ते माझ्याकडेच राहिलंही. दहावी झाल्यावर ते मुंबईला मुलुंडच्या एका कारखान्यात लागले. अठ्ठ्याण्णव साली कारखाना बंद पडला आणि तिशीचा हा माणूस एक बॅग नि एक टेबलफॅन घेऊन घरी परत आला. मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. चारचौघांत तोंड पाडून बसायचे आणि चुलीपाशी गेले की हसू यायचं.

पण गावात काम कसलं? भात चार महिने, काजू दोन महिने, बाकी वेळ पारावर बसून मुंबईच्या गोष्टी सांगायच्या. त्यात सावर्ड्याहून एक स्थळ सांगून आलं. मुलगी शिवणकामाचे वर्ग घ्यायची, नाकीडोळी नीटस, बोलायला मोकळी. भाऊजी बघायला गेले ते येताना एसटीतून चुकीच्या थांब्यावर उतरले, यावरून काय ते आम्ही समजलो. मुलीच्या वडिलांची अट एकच होती. मुलगा मुंबईत राहो की गावात, काम कायमचं पाहिजे. तेवढं दाखवा, पुढच्या हंगामात लग्न लावू, असं ते म्हणाले. म्हणजे सगळं अडलं होतं ते कामावर. काम मिळालं तर भाऊजी इथे राहणार, संसार मांडणार. नाही मिळालं तर परत मुंबई, आणि सावर्ड्याची मुलगी दुसऱ्या घरी.

त्याच सुमाराला घाटमाथ्यावर रिसॉर्टं निघायला लागली होती. तिथला एक मालक दिवाळीनंतर घाटवाटेने चालत खाली आला आणि थेट आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, उभा राहिला. मूळचा पुण्याकडचा, पन्नाशीचा, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. पाणी मागितलं, गूळ दिला तर तोही खाल्ला, आणि घराकडे असा बघत राहिला की मी लगेच दोरीवरचे कपडे काढून आत नेले. त्याचं म्हणणं असं, की थंडीत त्याच्याकडे शहरातली माणसं येतात, त्यांना चालायला वाट पाहिजे. सकाळी वरून निघायचं, दुपारी आमच्याकडे खाली उतरायचं, जेवायचं, मग गाडीने रत्नागिरी, भाट्याचा समुद्र बघायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. त्याला वाट दाखवायला माहितीतला माणूस पाहिजे होता आणि खाली जेवणाची सोय.

मी मास्तरांना आत बोलावून विचारलं की डोंगर उतरायला माणसं पैसे देतात, हे तुम्हाला खरं वाटतं का? ते म्हणाले, देत असतील. मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. जी गोष्ट आमच्या म्हशी रोज फुकट करतात तिच्यासाठी कुणी पुण्याहून येतं, तर त्याला म्हशीशी कर्तव्य नसणार, कुरणाशी असणार.

पण माणसं खरोखरच आली. रविवारी दुपारी पहिली टोळी उतरली. पुढे भाऊजी, हातात कोयती, आणि मागे पंधराएक माणसं, काठ्या टेकत, एकमेकांचे फोटो काढत, अंगावर कुसळं घेऊन. खळ्यात बसली आणि नाचणीच्या भाकरीवर अशी तुटून पडली की मला क्षणभर बरं वाटलं. कुळथाची पिठी तीनदा मागून घेतली. एका बाईने माझं जातं बघून त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. दुसरीने विचारलं, तुम्हाला इथे करमतं का? मी म्हटलं, तुम्ही येईपर्यंत करमत होतं. ती हसली. मी थट्टा केली असं तिला वाटलं असावं.

जेवण झालं की भाऊजी एक जाड वही पुढे करायचे आणि सगळे तीत काहीतरी लिहून खाली सही करायचे. ती वही मला पहिल्या दिवसापासून खुपली. जेवणाला सह्या कशाला? मी एकदा चाळून बघितली तर वातावरण छान, यजमान प्रेमळ, असलंच लिहिलेलं. तरीसुद्धा मी मास्तरांना बजावलं की त्या वहीत तुम्ही काही लिहायचं नाही. आमच्या शेजारच्या काकी माझ्याहूनही वरचढ. त्या म्हणाल्या, वरच्या पानांवर काय लिहिलंय ते विचारू नकोस, मधे कोरी पानं किती सोडलीत ते बघ.

आता कुणाला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल. पण आमच्याकडे जमिनी कशा जातात ते ज्याने बघितलंय तो हसणार नाही. एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं. निम्मी मुंबईला, काही मेलेली. कुणी एक चुलता कुठेतरी सही करून बसतो आणि पावसाळ्यानंतर बघावं तर आपल्या गुरांच्या वाटेवर तारेचं कुंपण. पलीकडच्या वाडीतलं सगळं पठार असं गेलं. माझ्या माहेरी रस्त्याचं काम आलं तेव्हाही आधी कुणी काही बोललं नाही. आधी दगडांवर पांढऱ्या खुणा उमटल्या. आम्ही पोरी त्या खुणांवर उभ्या राहून खेळलो. वर्षाने वडिलांची लागती कलमं त्याच खुणांच्या रेषेत आडवी झाली आणि वडील त्यानंतर बागेत गेलेच नाहीत.

दोन थंड्या अशा गेल्या. काम थंडीपुरतंच, त्यामुळे सावर्ड्याचं अजून अडूनच होतं. भाऊजी खुलले होते. शहरातल्या लोकांना पक्ष्यांची नावं सांगायचे, आणि माहीत नसली तर बनवून सांगायचे, हे मी स्वतः ऐकलंय. संध्याकाळी मला नक्कल करून दाखवायचे, ते लोक निसरड्या दगडावर बसून कसे उतरतात ती. मीही हसायचे. पण रिसॉर्टवाला आला की माझं हसू आटायचं. तो माणूस गोड बोलायचा आणि गोड बोलणाऱ्याची मला पहिल्यापासून धास्ती. माझ्यासाठी महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीचा जाम आणला. मी बाटली पंधरा दिवस फळीवर ठेवली, उघडली नाही. शेवटी मास्तरांनी खाल्ला. त्यांना काही झालं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात, नाताळच्या सुट्टीनंतर, एका दुपारी मी शिकवायचे त्या बालवाडीतून घरी आले तर पडवीत तो आणि भाऊजी एक मोठा नकाशा पसरून बसलेले. मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि भिंतीआडून बघितलं. नकाशावर डोंगर, पऱ्ये म्हणजे डोंगरातले ओढे, वाटा, सगळं बारीक रेषांत. आणि एके ठिकाणी पेन्सिलीने गोल. मी चहा घेऊन बाहेर आले तसा भाऊजींनी नकाशा गुंडाळला. पण गोल कुठे होता ते मला कळलं होतं. आमच्या काजूंच्या तुकड्यावर.

त्याच संध्याकाळी भाऊजींनी मास्तरांकडे सातबाऱ्याचा उतारा मागितला. कशाला, असं मास्तरांनी विचारलंसुद्धा नाही. मी विचारलं. भाऊजी म्हणाले, सांगेन नंतर. मी म्हटलं, नंतर म्हणजे कुंपण पडल्यावर का? ते आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की मी हसत नाही. माझा तोंडाचा पट्टा सुरू झाला. त्या माणसाने तुम्हाला खिशात घातलंय, दोन वेळा साहेब म्हणायला मिळालं की तुम्हाला आभाळ ठेंगणं, भावाच्या जमिनीचा उतारा मागताना जीभ झडली नाही, असं बरंच काही बोलून गेले. जमीन त्यांचीही होती हे मी विसरलेच. शेवटी म्हटलं, यापुढे माझ्याशी बोलू नका. ते उठून बाहेर गेले. चार दिवस आमच्यात अबोला. मी ताट वाढायचे, ते जेवायचे. पाचव्या दिवशी पहाटेच ते घाटवाटेने वर रिसॉर्टवर निघून गेले. चार दिवसांनी येतो, असं मास्तरांना सांगून. मला नाही.

दोन दिवसांनी मी कवळ तोडायला वर गेले. उन्हाळ्यात भाताची रोपं टाकायच्या जागेवर झाडांच्या फांद्या पसरून जाळतात, त्या फांद्या तोडण्याचं काम थंडीतच करावं लागतं. गडग्याचं बेडं, म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक, ओलांडून दहा पावलं गेले आणि थबकले. काळ्या दगडावर पांढरा बाण, हातभर लांब, नवा रंग. पुढे वळणावर दुसरा. ओढ्याच्या कडेला तिसरा. मी कवळ विसरले नि बाण मोजत चढत गेले. वरच्या सपाटीपर्यंत, जिथे घाटवाट आणि लाकूडतोड्यांची वाट फुटतात तिथपर्यंत, अकरा बाण होते. आणि अकराच्या अकरा बाणांची तोंडं खाली, आमच्या काजूंकडे, आमच्या घराकडे.

मी त्या सपाटीवर बसले आणि मला माहेरचे ते दगड दिसायला लागले. वडील दिसले. हे काम भाऊजींचं आहे, हे मला कळत होतं. त्यांच्याशिवाय दुसरा कोण येणार होता? कळत होतं म्हणूनच जास्त राग आला. आपण ज्याचा शेंबूड पुसला तोच आपल्या जमिनीवर मोजणीच्या खुणा करून गेला, पहाटे, तोंड चुकवून. असं मला वाटलं, आणि ते खोटं असू शकेल हे डोक्यात आलंच नाही.

मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, असतील कुणाचेतरी, तो आला की विचारू. विचारू! तोवर मोजणीदार आला तर? दगडावरचा रंग निघेना. नारळाच्या किशीने घासलं, विळ्याने खरवडलं, काही नाही. मग मी गोठ्यातलं ताजं शेण घेतलं, लाल माती कालवली, बादली भरली आणि दुसऱ्या दुपारी, सगळे जेवून लवंडलेले असताना, वर गेले. एकेक बाण सारवून टाकला. खालून सुरुवात केली ती सपाटीवरच्या शेवटच्या बाणापर्यंत. दोनदा बादली भरून आणावी लागली. नुसतं थापलं असतं तरी चाललं असतं, पण हाताला सवय असते. मी खळं सारवते तसंच सारवलं, चार बोटांची अर्धगोल वळणं एकाला एक लावून. उन्हात दोन तासांत सुकलं. खालून बघितलं तर दगड कुठला आणि शेण कुठलं कळत नव्हतं. घरी आले, हात धुतले आणि दोन कप चहा प्यायले. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी भाऊजी गाडीरस्त्याने जीपमधून आले. सामान उतरवलं, टोमॅटो, पापड, दोन पातेली. अबोला तसाच होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मावत नव्हतं. मास्तरांना ते सांगत होते आणि मी आतून ऐकत होते. उद्या टोळी येणार, पण भाऊजी बरोबर नसणार. मालकाने नवीन बेत केला होता. शहरातल्या लोकांना म्हणे वाटाड्याच्या मागून मेंढरांसारखं चालायला आवडत नाही, त्यांना स्वतः वाट शोधायची असते. म्हणून भाऊजींनी सगळ्या घाटवाटेवर खुणा करून दिल्या होत्या. उद्या पहिली टोळी खुणांवरून आपली आपण खाली येणार. ती नीट उतरली की मालक खालची सगळी बाजू भाऊजींच्या हातात देणार होता, बारा महिने, कागदावर लिहून. मास्तर म्हणाले, म्हणजे सावर्ड्याला कळवायला हरकत नाही. भाऊजी म्हणाले, उद्या संध्याकाळी कळवू.

मी चुलीपुढे बसले होते. आता मी काय केलं ते ऐका. मी स्वतःला सांगितलं की हे खोटं असेल. बाण वाटेसाठी होते, असं तो माणूस सांगणारच. मोजणीसाठी होते असं कोण सांगतं? आणि खरं असलं तरी घाटवाट एवढी मळलेली, त्यात चुकायचं काय? आम्हाला नव्हतं ना चुकायला येत. सपाटीवर दोन वाटा फुटतात तिथे खालची आपली, हे आमचं शेंबडं पोरही सांगेल. त्या लोकांना कोण सांगणार होतं, हे माझ्या मनात आलं, आणि मी ते ढकललं. उठून भाऊजींना सांगायचं तर अबोला मोडावा लागला असता. माझा अबोला. मी तशीच निजले.

रविवारी बारापर्यंत स्वयंपाक झाला. एक वाजला, कुणी नाही. भाऊजी गडग्यावर उभे राहून वर बघत होते. दीडला दुकानातल्या फोनवर वरून निरोप आला की टोळी सकाळी साडेसातलाच निघाली आहे. भाऊजींनी पायात चपला सरकवल्या आणि धावत सुटले. मागून वाडीतले चौघे. मी भाताचं झाकण काढत होते नि लावत होते. काकी येऊन म्हणाल्या, पळाली असतील परत पुण्याला. मी त्यांच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा.

साडेपाचच्या सुमाराला सगळे खाली आले. टोळीतले बाराही जण सपाटीवरून लाकूडतोड्यांच्या वाटेला लागले होते. ती वाट पुढे पऱ्यात संपते, सुका पऱ्या, नुसता दगडांचा उतार. तिथे एक पन्नाशीची बाई घसरली आणि तिचा पाय घोट्यापाशी मोडला. आमच्या माणसांनी तिला चादरीच्या झोळीतून आणलं. ती रडत नव्हती, नुसती ओठ चावत होती, ते मला जास्त लागलं. तिचा नवरा मात्र पोलिसात जायची भाषा करत होता. तेवढ्यात मालकाची जीप घाटातून खाली येऊन खळ्यात थांबली. तो उतरला, त्या बाईला आधी जीपमध्ये नीट झोपवलं, आणि मग भाऊजींकडे वळला. मी पाण्याची कळशी घेऊन दोन हात अंतरावर उभी होते.

"सपाटीच्या खाली एकही बाण नाही असं हे लोक म्हणतात," तो म्हणाला. "तुम्ही मला सगळे झाले म्हणून सांगितलं होतं."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "खालचे राहिले माझ्याकडून. रंग संपला. वाट सरळ आहे म्हणून काढले नाहीत."

तो माणूस चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला की चूक झाली असती तर मी समजून घेतली असती, पण तुम्ही खोटं सांगितलंत, आणि माझ्याकडची माणसं मी तुमच्या शब्दावर सोडली होती. एवढं बोलून तो जीपमध्ये बसला. कळशी माझ्या हातात होती आणि तोंड मिटलेलं. पोलिसांचं नाव निघालं होतं, वाडीतली सगळी खळ्यात जमली होती, काकी माझ्या शेजारी उभ्या होत्या. बोलायला एक श्वास पुरला असता. जीप गेली. नंतर त्या मालकाने दुसऱ्या गावातून वाट काढली असं कळलं. आमच्या खळ्यात पुन्हा कुणी उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी पडवीत त्यांची बॅग झटकत होते. मी समोर जाऊन बसले. अबोला मीच मोडला. विचारलं, खोटं का बोललात?

"वहिनी, ते सारवण कुणाच्या हाताचं आहे ते मला कळणार नाही?" ते म्हणाले. "आठ वर्षांचा होतो तेव्हापासून तुमच्या सारवलेल्या खळ्यात खेळलोय."

मग त्यांनी स्वतःहूनच सातबाऱ्याचं सांगितलं. पेन्सिलीचा गोल त्यांनीच काढला होता. काजूंच्या वरच्या अंगाला दोन खोल्या बांधायच्या होत्या, लग्नानंतर राहायला, गडग्याला लागून, म्हणजे आमचं घर सोडून जायला नको. मालकाचा एक ओळखीचा माणूस नकाशा काढून देणार होता. परवानगीला उतारा लागतो. काम पक्कं झालं की मला एकदम सांगायचं ठरवलं होतं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही गावभर साखर वाटत सुटला असतात, आणि काम झालं नसतं तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन त्या माणसाला फोन करते, सगळ्या वाडीसमोर सांगते. ते म्हणाले, त्या बाईचा पाय मोडलाय वहिनी, नाव निघालं तर ते तुमच्यावर येईल, बालवाडीही जाईल. मी काय, मी मुंबईला जातो. आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्याशी फार वाद घातला नाही. एकदा नको म्हणाले, मी गप्प बसले. त्यांना दुसऱ्यांदा म्हणावं लागलंच नाही.

सावर्ड्याच्या मुलीचं पुढच्या वैशाखात चिपळूणला झालं. भाऊजी मुंबईत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन लागले. लग्न केलं नाही. काजूंच्या वरच्या अंगाला अजून गवतच आहे. गावात एक गोष्ट पक्की झाली, की मास्तरांचा भाऊ कामचुकार, हातचं काम घालवून बसला, एका बाईला लंगडी करून. हे मी पाणवठ्यावर ऐकलं, एसटीत ऐकलं, देवरूखच्या बाजारातही ऐकलं. आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या घरात ऐकलं, कारण मास्तरांनाही तेच वाटतं. मास्तरांना मी सांगितलं नाही. संशय घेण्यात मी कधी कुणाला घाबरले नाही, पण कबूल करायला मला धीर झाला नाही.

पाचेक वर्षांनंतरच्या गणपतीतली गोष्ट. भाऊजी आले होते. दुपारी पंगत बसली, मास्तर, भाऊजी आणि वाडीतले दोघे. बोलता बोलता घाटमाथ्यावरच्या रिसॉर्टांचा विषय निघाला. आता तिथे म्हणे केवढी गर्दी असते, खालच्या गावातल्या पोरांना कामं मिळालीत. मास्तर भाताचा घास कालवता कालवता म्हणाले, याला पहिल्यांदा मिळालं होतं, पण हा पहिल्यापासून वेंधळा, चार दगड रंगवायचा कंटाळा केला. वाडीतले दोघे हसले. भाऊजीही हसले, मान खाली घालून.

मी आमटीची वाटी घेऊन उभी होते. मला एकदम असह्य झालं. म्हटलं, "अहो, ते बाण..."

भाऊजींनी मान वर न करता पान पुढे सरकवलं. "वहिनी, आमटी वाढा," ते म्हणाले.

मी वाढली.